पिवळी पट्टी

“इंग्रजी राहू द्या हो, मराठी उघडा. त्यात शेळी दिसते.”

आतल्या खोलीत सर पाहुण्या पशुवैद्यांना सांगत होते. मी बाहेर, दाराला लागूनच्या कॉम्प्युटरवर बसले होते. इंग्रजी पान माझं होतं.

बीडमधल्या त्या छोट्या संस्थेत आम्ही दोघी कामाला होतो. शेळ्यांच्या आजारांची माहिती दोन भाषांत देणारी वेबसाइट सर करत होते. विकी, म्हणजे आत जाऊन कुणालाही पान दुरुस्त करता येईल अशी. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून इंग्रजी माझ्याकडे. मराठी लिहिणारी नेकनूरकडची, तिच्या घरी शेळ्याच होत्या. खरं तर ती आधी वहीत लिहायची आणि मी त्यावरून इंग्रजी करायचे. पण साइट सुरू करताना सॉफ्टवेअरनं मूळ भाषा विचारली, तेव्हा सरांनी इंग्रजी भरली. तेव्हापासून तिच्या प्रत्येक पानावर ‘भाषांतर’ असं येई.

त्यात मला समाधान वाटायला हवं होतं. तिनं लिहिलं होतं, ‘शेळी उभ्या उभ्या दात खाते, डावी कूस टिचकी मारली की ढोलासारखी वाजते, तर पोट फुगलंय समजा.’ माझं वाक्य व्याकरणात कुठंच चुकत नव्हतं आणि कुणी ते दुसऱ्यांदा वाचत नव्हतं. मराठी माझीही होती. घरात, वडिलांच्या दुकानात आम्ही तीच बोलायचो. पण लिहायला बसले की माझा हात अडायचा आणि ती बोलता बोलता लिहून मोकळी व्हायची.

त्या दुपारी मी माझ्या पानातला एक स्वल्पविराम काढला. गरज नव्हती. लगेच तिच्या पानावर पिवळी पट्टी आली : मूळ पान बदलले आहे, हे भाषांतर जुने आहे. दुसऱ्या दिवशी तिनं पान पुन्हा तपासून, जतन करून पट्टी घालवली. मी स्वल्पविराम परत ठेवला.

“कावून गं परत पिवळं झालं? कालच तर नीट केलतं.”

“काहीतरी बदललं असेल.”

“मला तर काईच दिसंना. तुमची इंग्रजी लई नाजूक हाय बाई, मॅडम. शिंकलं तरी बदलती.”

ती हसली, मीही हसले. मग पडद्यावर बोट ठेवून ती एकेक शब्द ताडून बघत बसली. तिची गावाकडची पाचची एसटी गेली. मूळ पानात नेमकं काय बदललं ते दाखवणारं बटण होतं. ते मी तिला दाखवलं नव्हतं.

“तुझं बरं हाय,” ती म्हणाली, “तुला इंग्रजी येती.”

मी मान खाली घालून टाइप करत राहिले. ती माझा हेवा करत होती, आणि तेवढंही मला पुरलं नाही. पुढचे पंधरा दिवस मी रोज एक स्वल्पविराम इकडचा तिकडे केला.

मग सरांनी दोघींना आत बोलावलं.

“मराठी पानं सारखी जुनी पडतायत,” ते तिला म्हणाले. “बाहेरचे लोक साइट बघणार आहेत, असं पिवळं दिसून चालणार नाही. सध्या मराठी बंद ठेवू. पुढच्या महिन्यापासून तू नाही आलीस तरी चालेल.”

“सर, मी रोज नीट करते वो,” ती म्हणाली. “रोज. हिला इचारा.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. पानाच्या इतिहासात प्रत्येक बदल माझ्या नावानिशी नोंदलेला होता. तिथं कुणी कधी जात नव्हतं. मी गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं. ती माझ्याकडे बघत होती, साक्षीदाराकडे बघावं तशी.

“तिचं काही जुनं झालेलं नाही, सर,” मी म्हणाले. “मूळ पान तिचंच आहे. मी रोज नुसता स्वल्पविराम हलवत होते.”