गुडघ्याला मस्का

कात्रीअण्णांच्या मते जगातल्या वस्तूंचे दोनच प्रकार होते. ताटातली वस्तू खायची आणि डबीतली अंगाला लावायची. उभा जन्म लोकांचे केस कापण्यात गेल्यावर माणसाचं तत्त्वज्ञान ह्याहून मोठं होत नाही, आणि व्हायचं कारणही नाही. सलूनमध्ये आरशाखालच्या फळीवर डब्यांची रांग होती. स्ट्रॉबेरीच्या वासाचा दाढीचा साबण, कॉफीच्या वासाचं तोंडाला चोळायचं क्रीम, व्हॅनिलाचं केसांचं मलम. "हल्ली खाण्याला वास उरलेला नाही, तो सगळा लावायच्या वस्तूंत गेलाय," असं ते गिऱ्हाइकाची मान खाली दाबून सांगत. मान दाबलेली असल्यामुळे गिऱ्हाईक कबूल करी.

कात्री हे नाव हातातल्या हत्यारावरून पडलेलं नव्हतं, तोंडातल्यावरून पडलं होतं. "अण्णा, ह्या डोक्याला काय शोभेल?" असं कुणी हौसेने विचारलं की उत्तर येई, "टोपी."

ह्या तोंडानेच घात केला. एकुलत्या एक मुलाने लग्न ठरवलं आणि मुलगी घरी आणली. ती बिस्किटांच्या कारखान्यात चवी बेतायच्या खात्यात होती. बिचारी स्वतः बेतलेली बिस्किटं खोक्यात भरून घेऊन आली. अण्णांनी एक खाल्लं आणि म्हणाले, "पुठ्ठा चांगला आहे. खोक्याचा की बिस्किटाचा, ते मात्र कळलं नाही." मुलगी हसली, चहा प्यायली, आणि लग्नानंतर त्या घराकडे फिरकली नाही. मुलगा एकटाच येई. "ती कामात आहे," म्हणे. अण्णा "बरं" म्हणत. आतून जीव खालीवर होई, पण तसं कबूल केलं तर ते कात्रीअण्णा कसले?

"तोंडात कात्री घेऊनच जाशील वर," आक्का म्हणे. आक्का म्हणजे थोरली बहीण. ती ह्याच घरात राहायची आणि कात्रीला धार तिच्याकडूनच मिळालेली होती.

मग एके दिवशी मुलगा सलूनमध्ये एक पांढरी डबी ठेवून गेला. तिच्यावर एक अक्षर नाही. पाठोपाठ सूनबाईचा फोन.

"बाबा, मिळाली ना? सकाळ-संध्याकाळ थोडंथोडं लावा आणि मला खरं खरं सांगा. तुम्ही भीड ठेवत नाही, म्हणून तुम्हालाच पाठवलीय."

बाबा! तो शब्द कानात शिरला आणि बाकी कुठल्या विचाराला आत जागाच उरली नाही. अण्णांनी झाकण काढलं. मऊ, तपकिरी, खमंग भाजल्या बिस्किटाचा वास. गेल्या खेपेला आपण मुलापुढे गुडघा धरून कण्हलो होतो, ते त्यांना आठवलं. पोरीने गुडघ्याची दखल घेतली! त्यांनी डोळे पुसले, पँट वर सरकवली आणि लावलं.

इथे वाचकाने कपाळावर हात मारून घ्यावा आणि पुढे चालावं.

घरी त्यांनी डबीचा पत्ता लागू दिला नाही. आक्काचे दोन्ही गुडघे दुखरे. तिला कळलं असतं तर डबी गेलीच असती. सूनबाईचा फोन मात्र आता रोज येऊ लागला.

"कसं वाटतंय, बाबा?"

"वास एक नंबर. जरा चिकट आहे."

"आणि कण लागतात ते?"

"लागतात. बरे वाटतात. मुद्दाम घातलेत?"

"अगदी मुद्दाम! नुसतंच लावता की गरम करून?"

"गरम करूनच. आणि वरून गरम फडकं गुंडाळतो. चांगलं मुरतं."

"फडकं? अय्या, हे मला सुचलंच नव्हतं! दोन्हीकडे लावता का?"

"दोन्हीकडे. उजवीकडे जरा जास्त."

"उजवीकडे?" ती हसत सुटली. "तुम्ही फार मजेशीर आहात हो, बाबा."

"पँटला लागतं, एवढाच त्रास."

"ते सगळ्यांचंच होतं!"

अण्णा हवेत तरंगू लागले. आजवर त्यांना कुणी मजेशीर म्हटलं नव्हतं; म्हणत ते वेगळंच, आणि पाठीमागे. ह्या आनंदात त्यांना दिसायला हवं ते दिसेना. पोस्टातले निवृत्त साहेब दाढीला येत, त्यांचा कुत्रा आजवर दाराबाहेर झोपायचा. तो आता अण्णांच्या पायाशी बसून त्यांचा गुडघा चाटू लागला. "मुक्या जिवाला माणूस कळतो," अण्णा म्हणाले. सलूनभर मुंग्या झाल्या. अण्णा दिवसभर उकिडवे बसून मुंग्या झाडत, उठत, पुन्हा बसत, आणि गुडघा खरंच मोकळा होत चालला. श्रेय अर्थात डबीला.

एका संध्याकाळी सूनबाईचा आवाज बारीक झालेला होता. "बाबा, उद्या आमच्या खात्याच्या मोठ्या बाईंना घेऊन येऊ का? त्या म्हणतात, हे कसं घ्यायचं ते लोकांना सांगता आलं नाही, तर ही डबी बंद, आणि मी परत पॅकिंगला. मी तुमच्या गरम फडक्याबद्दल सांगितलं. त्यांना ते बघायचंय."

"खुशाल आण," अण्णा म्हणाले, "दाखवतो की!"

दुसऱ्या दिवशी आक्का जेवणाचा डबा घेऊन सलूनमध्ये आली आणि दारातच थबकली. भावाच्या बुटावरून मुंग्यांची शिस्तशीर रांग पँटीत शिरत होती. तिने पँट वर केली, डबी हुडकली, हुंगली, बोट घातलं आणि चाटलं.

"अरे, हे खायचं आहे!"

"आक्का, तोंडात घालू नकोस, औषध आहे!"

"औषध तुझं कपाळ! पावाला लावायचा बिस्किटाचा मस्का आहे हा. अक्कल गुडघ्यात आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तिला मस्का लावायची काय गरज होती?"

अण्णांनी चाटून पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसले. चव अशी की डोळे मिटावेत. मग त्यांनी तळाशी उरलेल्यातला थोडा मस्का झपाटल्यासारखा कशाकशाला लावून पाहिला. डब्यातल्या पोळीला, केळ्याला, चहात बुडवलेल्या टोस्टला, आणि सरतेशेवटी नुसत्या बोटाला. सगळ्यात सरस बोट.

"आता काय सांगू तिला?" ते म्हणाले. "पुठ्ठा म्हटल्यावर वर्षभर गेली. गुडघ्याला लावलं म्हटल्यावर कायमची जाईल."

"काही सांगू नकोस. पावाला लाव, फडकं गुंडाळ आणि तोंडाला कुलूप घाल."

सल्ला बरा होता, पण सलूनमध्ये गरम फडकं एकच, दाढीचं. मोठ्या बाई आल्या, खुर्चीत बसल्या, फडक्यातला पाव त्यांनी चावला आणि चावताचावता थांबल्या.

"साबण लागतोय," त्या म्हणाल्या. "स्ट्रॉबेरीचा."

सूनबाईचा चेहरा उतरला आणि तरी ती हसली. तेच हसू. पुठ्ठ्याच्या वेळचं. अण्णांना ते बघवेना.

"तिची चूक नाही," ते म्हणाले. "पोरीने सांगितलं लावा. मी लावलं." आणि त्यांनी पँट वर केली. "इथे."

तेवढ्यात साहेबांचा कुत्रा आत आला आणि त्याने उघड्या गुडघ्यावर मन लावून काम सुरू केलं.

आधी सूनबाई फुटली. हसताहसता ती दुसऱ्या खुर्चीत कोसळली आणि खुर्चीसकट गरागरा फिरली. "उजवीकडे जरा जास्त!" एवढंच तिला बोलता येत होतं. मोठ्या बाईंनी मात्र चष्मा सारखा केला.

"खाऊन पाहिलंत की नाही शेवटी?"

"पाहिलं." अण्णा जरा अडखळले, पण खरं सांगायचा करार होता. "मीठ चिमूटभर कमी आहे. कण अजून जाडे हवेत. बाकी, ह्याला पद्धतबिद्धत काही नको. बोट पुरे." मग घसा खाकरून ते सूनबाईकडे वळले. "पुठ्ठा नाही. अजिबात नाही."

"हे वाक्य लिहून घ्या, बाई," आक्का म्हणाली. "पुन्हा ऐकायला मिळायचं नाही."

मीठ वाढलं, कण जाडे झाले आणि सूनबाई आपल्या खात्यात राहिली. आता डबी दुकानात मिळते, आणि झाकणावर ठळक ओळ छापलेली असते: 'हे खायचं आहे. बोटानेही चालेल.' ती ओळ आपली, असं अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला मान दाबून सांगतात. सूनबाई सुटीच्या दिवशी घरी येते, केस अण्णांकडूनच कापून घेते आणि नवी चव आणली असली की डबी पुढे करताना आधी त्यांच्या पँटचा पाय गुडघ्याखाली ओढते.