पूजेत मांडलेला मीटर

बबन गेल्याचा फोन आला तेव्हा मी केडगावात भाजी घेत होतो. "काका, बाबा गेले… झोपेतच," त्याची लेक सुरेखा म्हणाली. हातातली मेथीची जुडी ठेवून मी तसाच घरी आलो. त्याला आता दीड महिना होईल.

बबन कोल्हारचा. मी साखर कारखान्यात बॉयलरचा फोरमन, तर तो ठेकेदाराकडून नळ्यांचे वेल्डिंग तपासायला यायचा. एक्स-रेसारखे फोटो काढायचा, पण त्याच्या पेटीत शिसपेन्सिलीच्या टोकाएवढा किरणोत्सर्गी तुकडा असे. फोटोपुरता तो पेटीला जोडलेल्या लवचिक नळीतून बाहेर सरकवायचा; फोटो झाला की तो पेटीत परतला का, हे किरणं मोजणाऱ्या मीटरवर बघायचं आणि मगच जवळ जायचं. एका वर्षी दसऱ्याला बॉयलर पेटवायचा मुहूर्त, आणि खंडेनवमीला एक जोड तपासायचा राहिलेला. मीटर मी सकाळीच हळदीकुंकू वाहून हत्यारांच्या पूजेत मांडला होता.

"अण्णा, मीटर द्या की. तुकडा आत गेला का न्हाई, कसं कळायचं?"

"पूजेतलं हत्यार आज हलवायचं नाही. रोज जातो, आजच काय धाड भरलीय त्याला?"

बबन मीटरशिवायच गेला. तुकडा पेटीच्या नळीच्या तोंडाशीच अडकला होता. बबननं नळी सोडवून हातात धरली. चटका नाही, वास नाही… काहीच कळलं नाही. दहाबारा दिवसांनी फोड आले. वर्षभरात डाव्या हाताची दोन बोटं कापावी लागली.

ठेकेदार म्हणाला, स्टोव्हवर भाजलं म्हणून सांग. बबननं ऐकलं नाही. एसटीनं कारखाने, आयटीआय पालथे घातले. "माजी चूक ऐकून घ्या, म्हंजी तुमाला करावी लागनार न्हाई," अशी सुरुवात. मात्र मीटर आपणच पूजेत मांडला, असं सांगायचा. मी एकदा अडवलं, तर म्हणाला, "माजी बोटं तर गेलीच. तुमची नोकरी कशाला घालवायची?" पुढे मी निवृत्त झालो, तरी गप्पच राहिलो. मला त्याची लाज वाटते.

राहुरीच्या एका वेल्डिंगच्या वर्गाला त्यानं तारीख दिलेली होती. गेल्या आठवड्यात त्याच्याऐवजी मी गेलो आणि पहिल्यांदाच खरं सांगितलं. बोलून झालं की बबन डावा हात उंच धरून पोरांना दाखवायचा. त्याच्यासोबत जाऊन कितीदा पाहिलेलं… माझाही हात वर गेला. पाचही बोटं शाबूत होती.