जास्तीचं पान

आमचे मामंजी, दिगंबर आगाशे, वस्तुसंग्रहालयात कारकून होते. तीस वर्षं देशोदेशीच्या हत्यारांना नंबराच्या चिठ्ठ्या बांधता बांधता त्यांची नजर तयार झाली. निवृत्तीनंतर लोक कसब्यातल्या घरी तलवारी घेऊन येत. प्रत्येकाला आपली शिवकालीनच हवी असे. मामंजी म्हणत, "म्हणजे नंतर पुण्यात कुणी तलवार केलीच नाही म्हणायची."

त्र्याहत्तरच्या पितृपक्षात कात्रजहून मथुराबाई आणि त्यांचा मुलगा जयसिंग आले. सोबत सरळ पात्याची, मुठीशी आडवी दांडी असलेली दुधारी तलवार. मथुराबाईंचे मालक भैरू महायुद्धात सुदानला होते, तिथून त्यांनी आणलेली. आदल्या वर्षी ते वारले होते.

"हिनं मानूस मारला का, तेवढं सांगा," बाई म्हणाल्या. "मालक दर सर्वपित्रीला एक पान जास्तीचं वाढाया लावायचे. कुनाचं, त्ये बोलले न्हाईत. त्या पानाशेजारी बसायचे, पन घास घ्यायचे न्हाईत."

"मारलाच असनार," जयसिंग म्हणाला. त्याला वडिलांचा अभिमान होता.

मामंजींनी तलवार ठेवून घेतली आणि घोळात पडले. दर खंडेनवमीला बाईंनी ती चिंच आणि राखेनं घासून कळशीसारखी लख्ख केलेली. जुनेपणाच्या सगळ्या खुणा गेल्या होत्या. धार घासून गेली, की मुळात काढलीच नव्हती? सकाळी म्हणत लढाईतली, संध्याकाळी म्हणत बाजारातली. पुन्हा भिंग घेऊन बसत. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण दर मताला चहा मीच करत होते.

चौथ्या दिवशी दोघं पुन्हा आले तेव्हा मामंजींनी विचारून मुठीचं कातडं उसवलं. आत शिरलेली पात्याची शेपटी जेमतेम दोन बोटं होती.

"एक घाव घातला असता, तर पातं मुठीतून निखळलं असतं," ते म्हणाले. "शिपायांना विकायला केलेली आहे. हिनं कुणी मेलेलं नाही."

जयसिंगचं तोंड उतरलं. "म्हंजे खोटी?"

"सुदानची खरी. तलवार म्हणून खोटी."

मथुराबाईंनी हात जोडले. त्यांचे डोळे वाहत होते. इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यासारख्या त्या भिंतीला टेकल्या. मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मग पान कुनाचं?"

मामंजींनी सवयीनं चिठ्ठी ओढली. सुदान, बाजारी काम, वापर नाही, एवढं लिहिलं आणि थांबले.

"मला नाही सांगता येत, बाई."

"बंद करू का आता?"

"नको," ते पटकन म्हणाले. का, ते त्यांनाही माहीत नसावं.

सर्वपित्रीला मी मामंजींचं पान वाढलं. त्यांनी घास घेतला नाही. शेवटी मला म्हणाले, "हेमा, कात्रजला वाढलं असेल ना गं?"

त्यांच्या पुढ्यातला भात निवून गेला होता.