वाळवीचा जादा फर्मा

पुस्तकबांधणीच्या त्या दुकानात तिला सगळे वाळवी म्हणत. दुकान मामाचं, नावही त्यानंच ठेवलं होतं, आणि ठेवताना त्यात कौतुकच जास्त होतं. वाळवी काही पहिल्या पानापासून पुस्तकात शिरत नाही, जिथे वाट मिळेल तिथून आत. पोरीचंही तसंच. दुकानात पुस्तकं यायची ती सुट्या फर्म्यांत, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्यांत, नाहीतर शिवण उसवलेली जुनी, दुरुस्तीला. हाताला लागेल तो फर्मा ती वाचायची. त्यामुळे तिला कितीतरी गोष्टींतला खुनी माहीत होता, पण खून कुणाचा झाला ते माहीत नव्हतं. जंतूंवरच्या एका पुस्तकाचा मधला भाग तिला तोंडपाठ होता. प्रार्थनांच्या पुस्तकातल्या संध्याकाळच्या तेवढ्या येत. सकाळच्या प्रार्थनांचा फर्मा दुसऱ्याच्या टेबलावर गेला होता, त्याला ती तरी काय करणार?

देव, विज्ञान आणि गोष्टीतली माणसं, या तिघांचं तिच्या डोक्यात एकच बिऱ्हाड होतं, आणि भांडण कधी झाल्याचं ऐकिवात नाही. पुठ्ठ्यावरची खळ वाळेपर्यंत ती वाचायची, आणि वाचण्याआधी डोळे मिटून लिहिणाऱ्याचे, छापणाऱ्याचे आणि देवाचे आभार मानायची. लिहिणारा कोण हे बहुतेक वेळा माहीत नसायचंच, नावाचं पान तिच्या वाट्याला क्वचित यायचं.

हे सगळं मामीला पसंत नव्हतं. मामी वाईट नव्हती, तापट होती, आणि तापट माणसं पोटातून घाबरलेली असतात हे वाळवीला फार उशिरा कळलं. पोरीची आई गेली तेव्हा मामी उशाशी बसलेली होती. "लेकराला देवाच्या वाटेवर ठेवीन," असा शब्द तिनं नणंदेला दिला होता. त्या शब्दाचं ओझं तिनं एक दिवसही खाली ठेवलं नाही. देवाचा एक ग्रंथ घरात असताना दुसरी पुस्तकं कशाला, असा तिचा सरळ हिशेब.

त्यात त्या कप्तानाचं प्रकरण झालं. एका कादंबरीच्या फर्म्यात जहाज बर्फात अडकलं होतं आणि पुढचा फर्मा दुकानात आलाच नाही. वाळवीनं संध्याकाळच्या प्रार्थनेत मोठ्यानं म्हटलं, "प्रभू, त्या बर्फातल्या कप्तानाला घरी पोचव." मामीनं मनापासून आमेन म्हटलं आणि मग विचारलं, "कोण गं हा कप्तान? आपल्या मंडळीतला आहे का?"

"नाही मामी. गोष्टीतला आहे."

मामी लालबुंद झाली. "जो जन्मालाच आला नाही त्याच्यासाठी देवाला कामाला लावतेस? उद्या त्या जंतूंसाठी पण करशील!" (ते वाळवीनं आधीच करून झालं होतं, पण ती बोलली नाही.) तेव्हापासून मामीनं ठणकावून ठेवलं होतं: या वाचनापायी कामात एक जरी चूक झाली, तरी दुकान बंद, पुस्तकं बंद, आणि तू शिवणवाल्या बाईंकडे काज-बटणाला. बाईंशी बोलणंही झालेलं होतं. मामी पोकळ धमक्या देत नसे.

अशात चर्चमधल्या वेदीवरचा मोठा ग्रंथ दुरुस्तीला आला. मामाला इतका मान कधी मिळाला नव्हता. त्यानं ग्रंथ उसवून दिला, फर्म्यांची जुळणी वाळवीकडे आली. पानांचे कोपरे पिढ्यान्‌पिढ्या थुंकीच्या बोटांनी झिजलेले, आकडे गेलेले. अशा वेळी बांधणारा एकच करतो, एका फर्म्याचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात वाचून पाहतो. अर्थ लागला की फर्मा बरोबर. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वाचनालयाचं ताऱ्यांवरचं पुस्तक उसवून पडलं होतं. तोच आकार, तोच पिवळा कागद. देव माणसाला आकाशाबद्दल एकामागून एक प्रश्न विचारतो आणि माणसाची बोलती बंद होते, तो भाग वाळवीचा सगळ्यात आवडता. तो संपला, तिनं पुढचा फर्मा उचलला, ताऱ्यांचंच चाललं होतं, अर्थ लागला. तिनं तो खाली ठेवला आणि समाधानानं पुढे गेली. नव्या तांबड्या फितीची खूण तिनं मुद्दाम त्या आवडत्या भागातच घातली.

शनिवारी ग्रंथ वेदीवर गेला. संध्याकाळी ताऱ्यांचं पुस्तक शिवायला घेतलं तर एक फर्मा कमी! वाळवीनं टेबलाखाली पाहिलं, पुस्तकं दाबायच्या शिकंज्यामागे पाहिलं, खळीच्या डब्यामागेही पाहिलं. मग तिला वेदीवरच्या ग्रंथातला तो ताऱ्यांचा फर्मा आठवला, आणि ती मामाकडे धावली.

मामानं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि आधी मामी कुठे आहे ते पाहिलं. "एवढ्या जाड ग्रंथात उद्या नेमकं तेच पान उघडणार का? आपलं नशीब इतकंही फुटकं नाही. उपासना झाली की गुपचूप काढून टाकू. मामीला बोलू नकोस."

नशीब किती फुटकं असू शकतं याचा मामाला अंदाज नव्हता. रविवारी पाळकसाहेबांनी नवा बांधलेला ग्रंथ उंच धरून मंडळीला दाखवला, मामाचं नाव घेतलं आणि म्हणाले, "बांधणाऱ्या हातांनी जिथे फीत ठेवली आहे, तिथूनच आज वाचू या."

वाचायला उभे राहिले घड्याळजी. घड्याळजींचं वाचन त्यांच्या घड्याळांसारखं, एकदा चालू झालं की मध्ये थांबणं नाही. देवाचे प्रश्न झाले. पान उलटलं. त्याच गंभीर आवाजात घड्याळजी पुढे गेले, "या तारकापुंजातून जो प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो, तो निघाला तेव्हा आपल्यापैकी कुणीही जन्मलेलं नव्हतं. आणि आज जो प्रकाश तिथून निघतो आहे, तो पाहायला..." पान उलटलं. "आकृती सातवी. दुर्बिणीचा छेद."

घड्याळजींनी चष्मा वर केला, खाली केला. मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मामा छताकडे बघत होता. मामी बघत होती वाळवीकडे.

पाळकसाहेबांनी पान पाहिलं, आणि त्यांच्या मिशा हलल्या. "ग्रंथ पुन्हा दुकानात जाऊ दे," ते म्हणाले. "आणि जे ऐकलं त्यात मला तरी देवाची निंदा दिसली नाही." मग त्यांनी गीत सांगितलं, आणि मंडळी नेहमीपेक्षा जरा जोरातच गायली.

ग्रंथ काखेत मारून मामा पुढे, मधे मामी, मागे वाळवी, अशी वरात घरी निघाली. मामी अख्ख्या रस्त्यात मान खाली घालून झपाझप चालली. ओरडली असती तर परवडलं असतं. वाळवीनं मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेऊन टाकला: जंतूंचा, खुन्यांचा, ताऱ्यांचा. रडू येत होतं, तरी तिनं आभारच मानले. इतकं तरी वाचायला मिळालं, कितीजणींना तेवढंही मिळत नाही.

घरी आल्यावर मामीनं पदराला हात पुसले. "काढ तो फर्मा."

मामानं टाके कापून फर्मा बाहेर काढला. वाळवीला वाटलं, आता हा चुलीत जाणार. मामी खुर्चीत बसली.

"वाच."

"काय, मामी?"

"तो घड्याळजी मेला नेमका तिथेच अडकला. आज निघालेला प्रकाश बघायला कोण असणार? प्रार्थनेत लक्ष लागलं नाही माझं."

वाळवीनं चित्राचं पान ओलांडलं आणि वाचलं, "...आपल्यापैकी कुणीही नसेल. तरीही तो निघतो. ज्यांनी आपल्याला पाहिलेलं नाही त्यांच्यापर्यंत तो पोचेल."

मामीनं त्या ओळीवर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाली, "तुझी आई असंच बोलायची गं. शेवटी शेवटी." आणि तापट मामी रडली, आणि वाळवीही रडली, आणि मामा उगीचच ग्रंथाची फीत नीट करत बसला.

"शिवणवाल्या बाईंना उद्या निरोप देते," मामी नाक पुसत म्हणाली. वाळवीनं हातातला फर्मा मिटला. "येत नाही म्हणून. आणि जुळणी करताना दुसरं पुस्तक टेबलावर दिसलं, तर माझ्याशी गाठ आहे. एकेक करून वाच. पहिल्या पानापासून, माणसासारखं."

त्या संध्याकाळी प्रार्थना मामीनं केली. भाकरीसाठी, छपरासाठी, ताऱ्यांसाठी आभार मानले. नणंदेचं नाव घेऊन म्हणाली, पोर तुझ्या वाटेवरच आहे प्रभू, वाट एवढी रुंद असेल हे मला माहीत नव्हतं. मग ती थांबली. वाळवीला वाटलं, संपलं.

"आणि तो कप्तान," मामी म्हणाली. "आमच्याकडे पुढचा फर्मा नाही. तुझ्याकडे असेल. त्याला घरी पोचव."

वाळवी डोळे उघडून मामीकडे बघतच राहिली, आमेन म्हणायचं राहून गेलं. तिच्या वाटचं मामानं म्हटलं.