पुसूनही न जाणारी पिवळी ओळ

आधीच सांगते, दारावरची लिंबू-मिरची काढून सरबत करणाऱ्यांपैकी मी आहे. भूत, करणी, बाहेरचं असलं कोणी सुरू केलं की मी उठून चहा टाकते. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी माझी हरकत नाही... मीही हसलेच असते.

मी जळगावला राहते आणि घरूनच मशीनचे प्रोग्राम लिहिते. अमळनेरजवळच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधणारा प्रेस आहे. मोठ्या लोखंडी पेटीत कापूस भरतात, वरून प्लेट दाबत खाली येते. पेटीत कापूस अडकला की माणसालाच आत उतरून काढावा लागतो. तेवढ्यात कुणी प्रेस चालू केला तर... नकोच तो विचार.

पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा प्रेसच्या स्विचवर पिवळे डाग दिसले. "काय हो नाना, स्विचला हळद लागली का? लग्न कधी?" मी तिथल्या फिटर नानांना चिडवलं. नाना काही हसले नाहीत. "ताई, जो आत उतरतो तो वाटीतली हळद घेऊन स्विचवर बोट लावतो. बाहेर आला की त्यानंच पुसायची, दुसऱ्यानं नाही. पिवळं दिसतंय तोवर मशीन बंद." पेटी साफ करणारे सलीमभाई शेजारीच होते. "ताई, मेरा बीमा है ये," म्हणाले.

पुढे तो स्विच गेला आणि टचस्क्रीन आली. म्हणजे गेला कुठे, तारा तोडून भिंतीवर तसाच राहिला. स्क्रीनमागचा प्रोग्राम माझा.

चाचणीच्या दिवशी सकाळी मी घरून फोनच्या व्हिडिओ कॉलवर होते. आता माझं काम कसं चालतं ते सांगते. एक एआय एजंट माझा प्रोग्राम तपासतो आणि शंका आली की एडिटरमध्ये ती ओळ पिवळी करतो. माझं बघून झालं की तोच एक छोटं टूल चालवतो आणि सगळा पिवळा रंग पुसला जातो. हा रंग फक्त पडद्यावर असतो, फाइलमध्ये जात नाही. एवढं लक्षात ठेवा.

त्या दिवशी सगळं पुसलं गेलं, एक ओळ सोडून. प्लेट खाली आणायच्या हुकुमाची ओळ. ओळीत चूक काहीच नव्हती, एजंटनं ती रंगवलीच नव्हती. मी पुन्हा टूल चालवायला सांगितलं. उत्तर आलं — 'हायलाइट साफ केले. एकही शिल्लक नाही.' आणि समोर ओळ पिवळीधमक! एडिटर बंद करून उघडला, लॅपटॉप बंद करून चालू केला. तशीच. डोकंच फिरलं माझं. तिकडे नाना ताटकळलेले, मालकांची घाई. म्हटलं, मरू दे, रंगानं काय मशीन अडतंय? फाइल पाठवून दिली.

नानांनी ती तिकडच्या लॅपटॉपवर उघडली, चष्मा वर केला.

"ताई, ही एक ओळ पिवळी कशी काय?"

फाइलमधून रंग जातच नाही हो! तरी तोंडातून काय निघालं? "नाना, ते सोडा, तुम्ही दाबा चालू."

नानांचं बोट प्रेसच्या टचस्क्रीनजवळ गेलं... आणि थांबलं. "पिवळं शे ना, ताई," ते हळूच म्हणाले. मग खुर्ची मागे सारून, आत कोण आहे, सगळे बाहेर आहेत ना, असं अहिराणीत ओरडले, "मझार कोन शे रे? बठ्ठा भाहेर शेतस का?"

आधी नुसता यंत्रांचा आवाज. मग धावपळ. मग पेटीच्या दारातून एक हात, त्यामागे कापसानं पांढरं झालेलं डोकं. सलीमभाई. जिनिंगच्या यंत्रांच्या घरघरीत त्यांना आमच्या चाचणीचा पत्ताच नव्हता. नाना त्यांच्या अंगावर धावले, "हळद कुठं लावली रे बाबा?"

"लगाई ना नाना," सलीमभाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. तारा तोडलेल्या जुन्या स्विचवर ताजं पिवळं बोट होतं. सवयीनं हात तिकडेच गेला होता बिचाऱ्यांचा. नव्या काचेवर हळद लावायची असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. मी तर मघाशी 'दाबा' म्हणाले होते. मला रडूच फुटलं.

सलीमभाई भिंतीजवळ गेले आणि अंगठ्यानं ती हळद पुसली. कॉलवर मला ते स्पष्ट दिसत होतं. त्याच क्षणी माझ्या एडिटरमधली ओळ पांढरी झाली. कुणीही टूल चालवलं नव्हतं. एजंटची सगळी नोंद मी नंतर तपासली.

पुण्यातल्या एका मित्राला विचारलं. तो म्हणाला, स्क्रीनचा बिघाड. असेल बाबा. पण दोन गावांतल्या दोन स्क्रीनचा, त्याच ओळीवर?

आता तो जुना स्विच पुन्हा जोडलाय, आणि ते टूल मी एजंटला आपोआप चालवू देत नाही. माझ्या एडिटरमध्ये पिवळी ओळ दिसली की आधी अमळनेरला फोन लावते. "नाना, आत कोणी नाही ना?" नाना एकदाही हसलेले नाहीत. "थांबा, बघून येतो," म्हणतात आणि खरंच बघून येतात. तोवर मी त्या ओळीला हात लावत नाही.