पंचशीलाची बधिर बोटं

कंधार तालुक्यातल्या एका गावात पंचशीला अकरा वर्षं आशाताई होती. दरवर्षी कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणाला ती घरोघर जायची, अंगावरचे चट्टे पेनाच्या टोकानं तपासायची आणि सांगायची, नुसता हात लावल्यानं हा रोग होत नाही, गोळ्यांनी तो बरा होतो. बाया माना डोलवायच्या. मान डोलवायला काय जातं?

मग तिच्याच पायांना मुंग्या आल्या. दोन महिन्यांत बोटं बधिर झाली, चालताना तोल जाऊ लागला, पोलिओ डोसाची बाटली हातातून सुटली. गावाला तेवढं पुरलं. सर्व्हे करता करता बाईलाच महारोग लागला म्हणे. अंगावर एक चट्टा नाही, पण बघतो कोण? शेजारच्या पारूबाईच्या सुनेला दोन्ही बाळंतपणांना पंचशीलानंच दवाखान्यात नेलं होतं. त्याच पारूबाईनं तिचा चहाचा कप वेगळा ठेवला. वेगळ्या कपाच्या गोष्टी पंचशीलानं आजीकडून ऐकल्या होत्या. आता रोगाचं निमित्त मिळालं, एवढंच. सरपंच अमृतरावांनी तर दुसरी आशा द्या म्हणून अर्जच ठोकला.

लातूरच्या डॉक्टर सिद्धेश्वरांनी नसांची तपासणी केली, रक्त बाहेरगावी पाठवलं. जंतूंशी लढायला शरीर ज्या अँटिबॉडी तयार करतं, तसल्याच अँटिबॉडी तिच्या नसांवर उलटल्या होत्या. कुंपणच शेत खात होतं. नसांच्या अशा आजारावरच्या नेहमीच्या इंजेक्शनांनी काडीचा फरक पडला नव्हता. नेमकी कोणती अँटिबॉडी हे रिपोर्टात कळलं, तेव्हा कुठं औषध बदललं. सहा-सात महिन्यांनी ती काठीशिवाय चालू लागली.

लसीकरणाच्या दिवशी ती पुन्हा अंगणवाडीत सिस्टरशेजारी बसली. पारूबाई नातवाला घेऊन हजर, तोंडभर हसत.

"म्हारोग न्हवताच म्हनं की तुला. मंग काय भ्या हाय? घे लेकराला."

पंचशीलाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अकरा वर्षं घसा फोडला, ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. रिपोर्टानं ती एकटी सुटली होती. ज्याला खरंच तो रोग होईल, त्याचं काय? तिनं हात पुढं केले नाहीत.

"अन् असता तर, काकू?"

पुढं केलेलं लेकरू पारूबाईनं नकळत छातीशी ओढून घेतलं.