सोळा आण्यांचं दुखणं

माझ्या आईला नागीण झाली त्याला दोन वर्षं झाली. उजव्या बाजूला, पाठीपासून बरगडीवरून थेट छातीपर्यंत फोडांचा पट्टा उठला होता. फोड सुकले, खपल्या पडल्या, डागही फिके झाले, पण दुखणं गेलं नाही. कातडीखालची नस दुखावली होती. वाऱ्याची झुळूक लागली तरी आई कळवळायची, आणि बघणाऱ्याला मात्र तिथे चार पुसट डागांपलीकडे काही दिसत नसे.

दिसत नाही म्हणजे नाही, असं मानणारे लोक या जगात किती आहेत हे मला त्या दोन वर्षांत कळलं. "फोड गेले ना? मग आता काय?" हे वाक्य मी नातेवाइकांच्या तोंडून ऐकलं, शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकलं, आणि कहर म्हणजे दोन डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलं. त्यातल्या एकाने तर आईला हात न लावता, मान वर न करता सांगितलं, "वय झालं आजी. भजनात मन रमवा." आमचं घर बौद्ध. आई विहारात वंदना घेते, भजनाला ती जन्मात बसलेली नाही. पण तो मुद्दा सोडा. भजनाने नस बरी होत असती तर हा गृहस्थ खुर्ची अडवून कशाला बसला होता?

आई अकोल्याला एकटी राहते. घर तिचं, हट्टही तिचाच. मी अमरावतीला शाळेत गणित शिकवतो. तीस वर्षं तिने जिनिंग फॅक्टरीत सरकीच्या धुळीत काढली, आणि त्या तीस वर्षांत दर पौर्णिमेला पांढरं लुगडं खळ घालून, कडक करून, ती विहारात सगळ्यांच्या आधी हजर असायची. त्रिशरण-पंचशील तिच्याच आवाजात सुरू व्हायचं. नागीण झाल्यापासून अंगाला झंपर सहन होईना. बाबांचा एक जुना, धुऊन धुऊन विरलेला सदरा होता, तो तेवढा तिला चालायचा. विहार आमच्या घरापासून एक गल्ली सोडून. पण आई तिथे जायची बंद झाली.

"सदरा घालून जाऊ काय विहारात?" ती म्हणायची. "लोक म्हणतीन, म्हातारीले काय झालं."

मला तिचं दुखणं पूर्ण घालवायचं होतं असं नाही. तेवढी आशा मी कधीच सोडली होती. तिला झंपर घालून घराबाहेर पडता यावं, एवढंच मला हवं होतं.

अमरावतीत जुनाट दुखण्यांवर इलाज करणारं एक क्लिनिक आहे, असं शाळेतल्या एकाने सांगितलं. आईला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी निदान तिचं ऐकून घेतलं, गोळ्या बदलल्या आणि फिजिओथेरपीच्या मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी मोबाइलएवढी एक मशीन काढली. तिला दोन वायरी, वायरींना चार चिकट पॅड. त्या म्हणाल्या, यातून बारीक करंट जातो, नसेला मुंग्या आल्यासारखं वाटतं, आणि त्या मुंग्यांच्या गडबडीत दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत कमी पोचतो. सगळ्यांना गुण येतो असं नाही, आणि आला तरी मशीन चालू असेपर्यंत आणि वर थोडा वेळ. पण करून बघू. मला हे प्रामाणिक वाटलं. पॅड दुखऱ्या जागेवर न लावता तिच्या वर आणि खाली, चांगल्या कातडीवर लावले.

मॅडम नव्या होत्या, पुण्याकडच्या. बटण दाबून त्यांनी विचारलं, "सहन होतंय ना आजी?"

"होते जी."

त्यांनी करंट वाढवला. "आता?"

"होते जी."

आणखी वाढवला. आईचा आवाज तसाच शांत. पण मी तिच्या हाताकडे बघत होतो. पलंगाची कड तिने अशी धरली होती की नखं पांढरी पडली होती. मी ओरडलोच, "मॅडम, कमी करा! तिला असं विचारू नका. तिला काय वाट्टेल ते सहन होते." मॅडम घाबरल्या, करंट उतरवला. मग त्यांनी विचारलं, "आजी, मुंग्या चालल्यासारखं वाटतंय, की टोचतंय?" तेव्हा आई म्हणाली, "मंघापासून टोचूनच राहिलं होतं बाई." टोचत असताना सांगायचं असतं, हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. याचा मला जो संताप आला तो मॅडमवर नव्हता. कोणावर होता ते मला नीट सांगता येणार नाही.

करंट जमल्यावर मॅडमनी एक कार्ड काढलं. "आजी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे खूप. मशीन लावायच्या आधी किती दुखायचं?"

"सोळा आणे," आई म्हणाली.

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी हसून सांगितलं, "सोळा आणे म्हणजे पुरा रुपया. म्हणजे पूर्ण. दहा लिहा." त्यांनी दहा लिहिलं. आपण दोन भाषांमध्ये पूल वगैरे बांधला असं मला वाटलं, आणि मी जरा फुशारलो.

क्लिनिककडे अशा मोजक्याच मशिनी होत्या. त्या आळीपाळीने पेशंटला घरी न्यायला देत. दर आठवड्याला कार्डावर दुखण्याचा आकडा लिहून आणायचा, तो बघून मशीन ठेवायची की पुढच्या पेशंटला द्यायची ते डॉक्टर ठरवणार. क्लिनिक माझ्या शाळेजवळ, आई शंभर किलोमीटरवर, म्हणून कार्ड माझ्याकडे राहिलं; दर सोमवारी मी ते दाखवायचो आणि त्याची झेरॉक्स फाइलला लागायची. पॅड लावायचं काम आईच्या शेजारच्या काकूंनी शिकून घेतलं, कारण पाठीला आपला हात पोचत नाही.

मशीन घरी आली आणि दोन दिवसांत नात्यात बोभाटा झाला की म्हातारीला शॉक देऊन राहिले. एका मामाने मला फोन करून हळूच विचारलं, "डोक्याचं काही झालं काय रे तुह्या मायले?" दोन वर्षं ती कण्हत होती तेव्हा या माणसाचा एक फोन आला नव्हता. मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण आई खूश होती. पहिल्या आठवड्यात तिने फोनवर सांगितलं की मशीन लावली की अर्धा-पाऊण तास झंपर घालता येतो. रविवारी मी कार्ड समोर घेऊन बसलो आणि आपल्याकडे आजारी माणसाला जसं विचारतात तसंच विचारलं, "फरक किती हाये वं माय?"

"आठ आणे."

आठ आणे म्हणजे निम्मं. मी कार्डावर पाच लिहिलं.

पुढच्या रविवारी पुन्हा, "फरक किती?"

"चार आणे."

"अरे वा!" मी म्हणालो. सोळातले चार म्हणजे दहातले अडीच. गणिताचा मास्तर आहे, मी अडीच लिहिलं. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "दोन आणे." मी म्हटलं, "झकास! झकास चाललं तुहं." आणि लिहिलं सव्वा. चौथ्या रविवारी ती जरा थांबून म्हणाली, "एक आणा असन नसन." मी म्हटलं, "मग जिंकलीस की!" त्या महिन्यात दहावीचे पेपर तपासायला आले होते, गठ्ठे समोर पडलेले. मी अर्धा लिहून टाकलं. त्या चार आठवड्यांत मी अकोल्याला एकदाही गेलो नाही. ती बरी होत होती ना!

पाचव्या आठवड्यात क्लिनिकमधून फोन आला. आईंची प्रगती फारच छान आहे, मशीन परत आणा, दुसरे पेशंट थांबलेत. फाइल बंद करतोय. मी आनंदाने रविवारी बडनेरा स्टेशनवरून अकोल्याची गाडी धरली.

दार उघडलं तेव्हा आईच्या अंगावर बाबांचा सदरा होता.

पाठीला मशिनीचे पॅड होते, पण ते चिकटलेले नव्हते. काकूंनी ते ओले करून जुन्या ओढणीने बांधले होते. पॅडची चिकटण कधीच सुकून गेली होती, कडा वळल्या होत्या, करंट धड लागतच नव्हता. पॅड काही दिवसांनी बदलावे लागतात, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मशीनबरोबर एक पुस्तिका होती, ती इंग्रजीत. काकू सातवी शिकलेल्या, आई तेवढीही नाही.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून मी क्लिनिकमध्ये गेलो आणि जाताच सुरू झालो. माझी आई सदऱ्यात बसली आहे आणि तुम्ही तिला बरी म्हणता? इंग्रजी पुस्तिका कोणासाठी देता? तुमच्या कागदांवर बरं व्हायचं आणि घरात कण्हायचं, असं आहे का? बाहेर बसलेले पेशंट आत डोकावायला लागले. मॅडम एका कोपऱ्यात उभ्या. डॉक्टरांनी फाइल उघडून माझ्याकडे फिरवली.

दहा. पाच. अडीच. सव्वा. अर्धा. अक्षर माझं. खाली नातेवाइकाची सही, तीही माझी.

"आकडे तुम्हीच दिलेत सर," ते म्हणाले.

"मी आईने सांगितले तेच लिहिले!" मी म्हणालो, आणि तिथल्या तिथे अकोल्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, दुखणं किती आहे?"

"पंधरा आणे जी."

"अन् मांगच्या रविवारी मले एक आणा म्हणे!" मी जवळजवळ ओरडलो.

आई तिकडून शांतपणे म्हणाली, "तू फरक इचारला. फरक एक आणाच हाये."

मॅडमना कळायला थोडा वेळ लागला, मला लागला नाही. आठ आणे फरक पडला तर आठ आणे दुखणं उरतं, दोन्हीकडून आकडा तोच. म्हणून पहिल्या आठवड्यात चूक लपली. नंतर तिचा फरक कमी होत गेला आणि मी दुखणं कमी होत गेल्याचं लिहीत गेलो. तिने गुण उतरत चालल्याचं सांगितलं की मी इकडून वा वा करायचो. सातवीच्या पोरालाही मी ही वजाबाकी चुकू दिली नसती.

तरी मी भांडण सोडलं नाही, आणि ते सोडलं नाही याचं मला आजही वाईट वाटत नाही. चार आठवड्यांत तुम्ही एकदाही तिला फोन का केला नाही? कागद बरा झाला म्हणून माणूस बरा झाला, हे कोणी ठरवलं? डॉक्टरांनी ते मान्य केलं. मशीन ठेवायला सांगितलं, नवे पॅड दिले, आणि मॅडमनी कागदावर मराठीत लिहून दिलं की पॅड कसे ठेवायचे, कधी बदलायचे. मॅडमनी कार्डावर एक नवा रकाना आखून वर स्वतःच्या हाताने लिहिलं, "आजींना विचारून".

संध्याकाळच्या गाडीने मी पुन्हा अकोल्याला गेलो. नवे पॅड लावले. हळूहळू करंट वाढवला, मुंग्या की टोचणं हे दर वेळी विचारत. थोड्या वेळाने मी कार्ड काढलं आणि म्हटलं, "माय, दुखणं किती हाये आता? दुखणं इचारून राहिलो."

तिने डोळे मिटले. "दहा आणे."

मी आकडा टाकला नाही. दुखणं दहा आणे, असं अक्षरी लिहिलं. तिने काकूंना हाक मारून खुंटीवरचा झंपर मागितला आणि जपून एकेक बाही चढवली. पौर्णिमा चार दिवसांवर होती. तिच्या पाठीमागच्या वायरी झंपराखाली सरळ करताना मी शेवटी विचारलंच, "मी तिकडून वा वा म्हणून राहिलो होतो, तवा मले टोकलं काहून नाही तू? दर रविवारी?"

ती लुगड्याचा पदर नीट करत राहिली.

"मले वाटलं," ती म्हणाली, "आता तुलेबी माहं दुखणं सहन होत नसन."